‘तर्कनिष्ठ’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : तीन थेंबांचा हिशोब

व्हिएतनामचे कॅथलिक बिशप, पुढे कार्डिनल, व्हान थुआन यांनी कम्युनिस्टांच्या तुरुंगात तळहातावर मिस्सा (भाकर आणि वाईन अर्पण करायची कॅथलिकांची मुख्य उपासना) कशी केली, यावरच्या माझ्या लेखाखाली ‘तर्कनिष्ठ’ या नावाने एका वाचकांनी काल रात्री लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. सगळ्यांना खाली जाऊन शोधायला नको म्हणून तिचं सार इथेच देतो. एक, मी ‘१३ वर्षं एकांतकोठडीत’ असं लिहिलं ते चूक. दोन, हा माणूस दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्ष दिएमचा भाचा, म्हणून आत गेला; धर्माचा काही संबंध नाही. तीन, गोव्याच्या इन्क्विझिशनवर (पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयावर) लिहायची माझी हिंमत आहे का? आणि चार, हे त्यांच्याच शब्दांत: “तळहातावर तीन थेंब वाईन आणि एक थेंब पाणी घेऊन मिस्सा केली, असल्या भाकडकथा आजीने नातवंडांना सांगाव्यात. लेखकाने थोडा अभ्यास केला असता तर कळलं असतं की मिस्साला वेदी, वस्त्रं, पुस्तक आणि चांदीचा प्याला लागतो, आणि कम्युनिस्टांच्या तुरुंगात वाईन कोणी आणून देत नसतं.”

पहिला मुद्दा मान्य. कैद एकूण १३ वर्षांची, त्यातली ९ एकांतात. घाईत चुकलं, दुरुस्त करतो. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत.

आता चौथ्याकडे येतो. तिथे तुम्ही नुसती शंका विचारली असतीत तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण “थोडा अभ्यास केला असता तर” हे जे शेपूट तुम्ही लावलंत, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. सव्वीस वर्षं मी आमच्या धर्मग्रामात सॅक्रिस्टी, म्हणजे चर्चमधली मिस्साचं सामान ठेवायची खोली, सांभाळतोय. वाईन कधी उतरते, ओस्तींना (मिस्सातल्या भाकरीच्या पातळ चकत्यांना) बुरशी कुठल्या महिन्यात लागते, प्याल्यात पाणी जास्त पडलं तर फादरांच्या कपाळावर कशी आठी पडते, हे मला गुगल करावं लागत नाही. आणि आज्यांना मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. लॅटिन मिस्साची उत्तरं तोंडपाठ असलेल्या आज्या आमच्या वसईत घरोघर होत्या. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

तुमचा घोळ एकाच ठिकाणी आहे. मिस्सा ‘होणं’ आणि मिस्सा ‘नियमाप्रमाणे होणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चर्चचा कायदा त्या कसोशीने वेगळ्या ठेवतो. वेदी, तिच्यावरचं कापड, मेणबत्त्या, अंगावरची वस्त्रं, पुस्तक, आतून सोन्याचा मुलामा दिलेला प्याला हे सगळं दुसऱ्या खान्यातलं. यातलं काहीही नसताना, अडचण खरी असेल तर, मिस्सा होते. पहिल्या खान्यात मोजक्याच गोष्टी आहेत: गुरुदीक्षा मिळालेला धर्मगुरू, त्याचा तसा हेतू, भाकर आणि वाईन पवित्र करणारे प्रभूचे ठरलेले शब्द, गव्हाची भाकर आणि द्राक्षाची वाईन. यांतली एक जरी नसली, तरी भोवती सोन्याची वेदी उभारलीत तरी मिस्सा होत नाही. छळाच्या राजवटीत जगणाऱ्या धर्मगुरूला ही रेघ नीट ठाऊक असावी लागते. काय सोडलं तरी चालतं आणि काय सोडता येत नाही, एवढंच त्याचं भांडवल.

व्हान थुआन यांना पकडलं १५ ऑगस्ट १९७५ रोजी. तेव्हा लागू होता १९१७चा धर्मविधिसंहिता कायदा. त्याचं ८१४ आणि ८१५ हे कलम काढून बघा: भाकर निव्वळ गव्हाची, वाईन द्राक्षाची, नैसर्गिक आणि न बिघडलेली, आणि तिच्यात ‘अगदी थोडं’ पाणी. किती वाईन हवी, याचं किमान माप त्यात कुठेही नाही. डोळ्यांना दिसेल आणि पिता येईल एवढी असली की झालं. १९८३च्या नव्या संहितेत हेच कलम ९२४ मध्ये आलं आहे.

आता हिशोब करू, तर्काची तुम्हाला आवड आहे म्हणून. औषधाच्या ड्रॉपरने साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तीन थेंब म्हणजे ०.१५ मिलिलिटर. रोज एक मिस्सा धरली तर वर्षाला सुमारे ५५ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाची लहान बाटली १०० मिलिलिटरची असते, म्हणजे एका बाटलीत पावणेदोन वर्षं निघतील. तीन थेंब हे भक्तीचं काव्य नाही, रेशन आहे. पुढची बाटली कधी येईल आणि येईल की नाही, हे ठाऊक नसलेला माणूस असंच मोजतो.

आणि पाण्याचा एकच थेंब का, तेही सांगतो. आमच्या चर्चमध्ये प्याल्यात पाव कपभर वाईन असते, तिच्यात दोन थेंब जास्त पडले तरी फरक पडत नाही. पण मुळात वाईनच तीन थेंब असेल तर एक थेंब पाणी म्हणजे वाईनच्या एक तृतीयांश. जुने नीतिशास्त्री साधारण इथवरच येऊन थांबतात. याच्या पुढे गेलात तर ती वाईन राहिली की पाणी झालं, असा प्रश्न उभा राहतो. दोन थेंब वाईन आणि एक थेंब पाणी केलं असतं तर शंका आली असती. तीनाला एक, म्हणजे बरोबर कडेवर. ज्याने हे प्रमाण ठरवलं त्याला कायदा पाठ होता. तुमच्या भाकडकथा रचणाऱ्या आजीला हा आकडा सुचला असता का?

वाईन आली कुठून? पकडलं तेव्हा ते रिकाम्या हातांनी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना आपल्या लोकांना चिठ्ठी लिहून कपडे, टूथपेस्ट असं गरजेचं सामान मागवायची परवानगी मिळाली. त्या यादीत त्यांनी लिहिलं: पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून थोडी वाईन पाठवा. श्रद्धावंतांना कळायचं ते कळलं. ‘पोटाच्या विकारावर औषध’ असं लेबल लावलेली छोटी बाटली आली आणि तिच्याबरोबर एक बॅटरी, म्हणजे टॉर्च. टॉर्चमध्ये ओस्त्या होत्या. पहारेकऱ्याने विचारलं, पोटाचा त्रास आहे का? आहे, म्हणाले. मग घ्या तुमचं औषध. पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पोटासाठी थोडा द्राक्षरस घे असा सल्ला आहे. पाठवणाऱ्यांना तो आठवला असणार. पहारेकऱ्याने बायबल वाचलेलं नव्हतं, हे बरं झालं.

तेव्हा ‘वाईन कोणी आणून देत नसतं’ हे खरं, आणि औषध आणून देतात हेही खरं. दोन्ही तुम्ही एकदमच लिहायला हवं होतं.

ओस्त्या टॉर्चमध्येच का, हे ज्याने ओस्त्या सांभाळल्या आहेत त्याला विचारा. ओस्ती म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. मीठ नाही, खमीर नाही. कोरडी राहिली तर महिनोन्महिने टिकते. दमट हवेत मऊ पडते, मग वाकडी होते, मग तिच्यावर हिरवट ठिपके येतात. व्हिएतनामच्या तुरुंगात हवा कशी होती, तर त्यांच्या एका कोठडीत ओलाव्याने चटईवर बुरशी उगवायची. टॉर्चची नळी धातूची, एका टोकाला आटे आणि रबराची चकती. सेल काढून टाकले की घट्ट झाकणाचा डबाच. शिवाय तुरुंगात टॉर्च जवळ बाळगणं संशयाचं नाही. हे करणाऱ्याने दोन्ही बाजूंनी विचार केला होता.

वाईनला याच्या उलट धोका. बाटली जसजशी रिकामी होते तसतशी आत हवा वाढते, आणि उष्ण प्रदेशात उघडलेली वाईन काही आठवड्यांत आंबते. व्हिनेगर झालं की ती ‘बिघडलेली’, आणि तिने मिस्सा होत नाही. म्हणून एक मोठी बाटली आणण्यापेक्षा लहान बाटल्या परत परत येणं बरं. वास आधी बदलतो, चव नंतर. तीन थेंबांत चव कळायला वेळ लागतो, हा धोका राहतोच.

पुढे १९७६च्या डिसेंबरात त्यांना १,५०० कैद्यांबरोबर जहाजातून उत्तरेला नेलं, आणि मग व्हिन्ह फूच्या छावणीत ठेवलं. तिथे ५० जणांचा गट एका सलग फळीवर झोपायचा. वाट्याला प्रत्येकी ५० सेंटीमीटर. आपल्या लोकलच्या तिघांच्या बाकावर चौथा बसतो ना, तेवढी जागा, झोपायला. त्यांनी जुळवून घेतलं ते एवढंच, की जवळपासची पाच माणसं कॅथलिक असावीत. साडेनऊला दिवे मालवायचे. मग अंथरुणावर वाकून, पाठ असलेली मिस्सा ओठांतल्या ओठांत, आणि मच्छरदाणीच्या खालून शेजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे पवित्र केलेली भाकर. पुस्तक लागतं म्हणता? १९५३ साली गुरुदीक्षा झालेल्या माणसाने रोज एक मिस्सा केली असेल तर तोवर आठ हजारांवर झाल्या होत्या. त्याला पुस्तक कशाला?

एक गोष्ट मात्र तुमच्यासारख्यांनी खरोखर विचारायला हवी होती, आणि ती तुम्ही विचारली नाहीत. तळहातावर ०.२ मिलिलिटर द्रव पसरला तर अंगाच्या उबेने तो किती वेळात सुकेल? फार तर काही मिनिटांत. म्हणजे थेंब सुरुवातीलाच ओतून ठेवता येत नाहीत. प्रभूचे शब्द म्हणायच्या अगदी आधी घ्यायचे, हात सपाट ठेवायचा, आणि लगेच ग्रहण करायचं. आणि वाईन वगळून नुसत्या भाकरीवर शब्द म्हणून भागवता येत नाही का? नाही. कलम ८१७, आताचं ९२७: कितीही टोकाची निकड असली तरी एकाशिवाय दुसरं करणं हे घोर पाप. कायद्याने इथे निकडीचं नाव घेऊन दार बंद केलेलं आहे. म्हणून तर ते तीन थेंब.

दुसऱ्यांसाठी मागे ठेवायची ती मात्र फक्त भाकर. सिगारेटच्या पाकिटाच्या कागदाच्या लहान पुड्या करून त्यात पवित्र साक्रामेंत, म्हणजे तीच पवित्र केलेली भाकर, ठेवायचे. आठवड्याला सगळ्या छावणीचं एक राजकीय शिकवणीचं सत्र असे. त्याच्या मधल्या सुट्टीत या पुड्या बाकीच्या चार गटांकडे जात. शिकवणी सरकारची, आणि तिच्या सुट्टीत हे.

एकच माणूस कशाला, दुसरीकडे बघा. सायबेरियाच्या छावण्यांतली अडचण वाईनपेक्षा भाकरीची होती. कैद्याला मिळणारा काळा पाव राईचा. राई म्हणजे गहू नव्हे, त्यामुळे त्या पावाने मिस्सा होत नाही. (तसंच आपलं: ज्वारीची भाकरी नाही, तांदळाची पोळी नाही, नाचणी तर नाहीच. लग्नाच्या जेवणात हा वाद मी ऐकलेला आहे.) त्यामुळे बाहेरून मूठभर गव्हाचं पीठ किंवा तयार ओस्ती येणं ही जीवनमरणाची गोष्ट. वॉल्टर सिझेक या जेझुइट संघाच्या अमेरिकी धर्मगुरूने सोव्हिएत रशियात २३ वर्षं काढली, १९६३ साली कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. त्यांचा प्याला म्हणजे दारूचा इवला ग्लास, आणि ओस्तीची ताटली म्हणजे खिशातल्या घड्याळाची सोनेरी चकती. वाईन मनुकांची.

मनुकांची वाईन चालते का, असं तुम्ही आता विचाराल, म्हणून आधीच सांगतो: चालते. रंगाने आणि चवीने ती खरी वाईन म्हणून ओळखू यायला हवी, असा निर्णय रोमने १७०६ सालीच दिलेला आहे. करायची कशी? २०० ग्रॅम मनुका चिरडायच्या, अर्धा लिटर कोमट पाणी, तोंडाला फडकं. मनुकांत साखर वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणून पूर्ण आंबलं तर दहा-बारा टक्के अल्कोहोल येऊ शकतं. दोन-तीन दिवसांत बुडबुडे दिसले तर ठीक. दोन ते तीन आठवड्यांनी गाळायचं. साखर वरून घालायची नाही, कारण मग ते निव्वळ द्राक्षाचं राहत नाही. तीन ठिकाणी बिघडतं. थंडीत, दहा अंशांच्या खाली, खमीर झोपून जातं, म्हणून बराकीत शेगडीजवळ नाहीतर अंगाशी धरून ठेवावं लागतं. घट्ट बूच लावलं तर बाटली फुटते. आणि फडकं काढून उघडं राहिलं तर व्हिनेगर. आपल्याकडे करून बघायचंच असेल तर तासगावचे पिवळे बेदाणे घेऊ नका. त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते, खमीर उठत नाही. काळ्या मनुका घ्या, धुऊन खमीर गमावू नका.

आणि आंबवायलाही वेळ नसेल तर? ताज्या द्राक्षांचा पिळलेला रसही ग्राह्य धरला जातो. अल्बानियाचे एर्नेस्त सिमोनी यांना १९६३च्या नाताळच्या आदल्या रात्री पकडलं. फाशीची शिक्षा, मग ती बदलून सक्तमजुरी. त्यांनी तुरुंगात लॅटिन मिस्सा पाठ म्हटल्या, भाकर चोरून भाजली आणि द्राक्षं पिळली. अल्बानियाने १९६७ साली धर्मच बेकायदा ठरवला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली त्यांना कार्डिनल केलं.

वेदी आणि वस्त्रं मिळालेल्या धर्मगुरूंचाही छळ होतो, हे नाझींच्या दाखाऊ छळछावणीत दिसतं. तिथल्या २६ क्रमांकाच्या बराकीत १९४१च्या जानेवारीपासून चक्क चॅपल होतं. त्याच वर्षी सप्टेंबरनंतर पोलिश धर्मगुरूंना वेगळ्या बराकीत हलवून त्या चॅपलचं दार बंद केलं. मग ते छावणीच्या औषधी वनस्पतींच्या मळ्यात, निंदणी करायला गुडघ्यांवर बसल्यासारखे बसून मिस्सा करायचे. दाखाऊत २,७०० च्या वर धर्मगुरू आणि पाद्री होते. त्यांतले १,०३४ तिथेच मेले, आणि मेलेल्यांत ८६८ पोलिश. त्या मळ्यातल्या दुकानात योसेफा माक नावाची एक मुलगी यायची, ती ओस्त्या आणि वाईन आत पोचवायची. १७ डिसेंबर १९४४ ला त्याच छावणीत कार्ल लाइस्नरला गुरुदीक्षा मिळाली, फ्रेंच कैदी बिशप पिगे यांच्या हातून. क्षयाने पोखरलेल्या लाइस्नरने आयुष्यात एकच मिस्सा केली, २६ डिसेंबरला.

एवढ्या चार ओळींच्या तुमच्या मुद्द्याला मी इतकं लिहितोय, कारण तो ‘अभ्यास’ या शब्दावर उभा होता.

उरलेलं उरकतो. दिएमचा भाचा: हो, होता. दिएम त्यांच्या आईचा भाऊ, म्हणजे मामा, आणि ते मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे. तिथवर आपण पोचला नसाल. मामा मारला गेला नोव्हेंबर १९६३ मध्ये, भाच्याला धरलं बारा वर्षांनी. मधल्या काळात ते न्हा त्रांगचे बिशप होते. सायगॉनला नेमणूक झाली २४ एप्रिल १९७५ ला, शहर पडलं ३० ला. राजकारण होतंच, पण १३ वर्षांत खटला नाही आणि शिक्षाही नाही. याहून जास्त या मुद्द्यावर बोलायची मला गरज वाटत नाही.

इन्क्विझिशन. १५६० ते १८१२, मधली काही वर्षं वगळून. लिहीन तेव्हा लिहीन. भाताबद्दल लिहिलं की पोळीचं काय म्हणून विचारणाऱ्यांना मी जेवायला बोलवत नाही. गोव्याचं म्हणालात म्हणून एक सांगतो: छळाखालचा धर्मगुरू बघायला व्हिएतनामलाच जायला हवं असं नाही. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले जुझे वाझ १६८७ मध्ये भिकाऱ्याच्या वेषात जाफन्याला उतरले, कारण डचांनी तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. गळ्यात रोझरी (जपमाळ) घालून दारोदार भीक मागायचे. रोझरी बघून कोणाचे डोळे बदलतात त्यावरून कॅथलिक घर ओळखायचं. १६९२ मध्ये कँडीच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकलं. तिथेही त्यांना याच हिशोबाला सामोरं जावं लागलं असणार: श्रीलंकेत गहू पिकत नाही. तो समुद्रापलीकडूनच यायचा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘लेखक बिनडोक’ हे शेवटचं वाक्य मात्र झाकलं आहे. तेवढा हक्क घरमालकाला असतो. उत्तर द्यायचं असेल तर खऱ्या नावाने द्या, म्हणजे मलाही नीट ‘अहो-जाहो’ करता येईल.

लेखात ‘१३ वर्षं एकांतकोठडीत’ च्या जागी ‘१३ वर्षं कैदेत, त्यातली ९ एकांतात’ असा बदल केला आहे.